रविवार कोणाचा?

जॉर्ज स्यूराच्या ‘ग्रान्द जात बेटावरील रविवारची दुपार’ या चित्राविषयी आपल्याकडे बोलले जाते ते ठिपक्यांपुरते. रंग आधी न मिसळता शेजारी शेजारी ठेवायचे, मिश्रण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होते, हे खरेच. पण सुमारे ३ मीटर रुंदीच्या त्या कॅनव्हासवर त्याने रंगवले काय? सेन नदीच्या काठी काही न करता बसलेली, उभी राहिलेली माणसे. १८८६ साली दृक्प्रत्ययवाद्यांच्या आठव्या आणि शेवटच्या प्रदर्शनात ते मांडले गेले. आज ते शिकागोत आहे. मी यवतमाळात वर्गात त्याची छापील प्रतिमा दाखवतो.

एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, ह्या लोकायले काम नाही का जी?’ वर्ग हसला. मला हसू आले नाही. माझी माय नदीवर गेली ती धुणे घेऊन. काठावर नुसती बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. कापूस वेचणीला रविवार नसतो. मजुरी बंद असे ती बाजाराच्या दिवशी, आणि तो दिवस बाजारहाटातच संपे.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, फुरसतीची चित्रे म्हणजे सुखवस्तूंचे चोचले. मला हे मान्य नाही. स्यूराने हे चित्र १८८४ मध्ये सुरू केले. त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभेतून रविवारची सुटी मागितली. निवेदनावर सुमारे ५,५०० सह्या होत्या. मालकांनी ती मान्य करायला १० जून १८९० उजाडावा लागला. फुरसत ही अशी भांडून घ्यावी लागते. आणि पाण्याचा काठ? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, त्यानंतर आम्ही तो निव्वळ निसर्ग म्हणून कसा पाहावा?

या जाणिवेने पाहिले की चित्रात डावीकडची पाठमोरी दाई दिसते. सगळ्यांचा रविवार आहे; ती कामावर आहे, आणि तिला चेहरा नाही. पुढे बिनबाह्यांच्या कपड्यांत पाइप ओढत पहुडलेला माणूस आणि उंच टोपीवाला गृहस्थ एकाच सावलीत आहेत, परंतु एकमेकांकडे पाहत नाहीत. हिरवळ एक झाली, माणसे झाली नाहीत. स्यूराने हे लपवले नाही, यात त्याचे मोठेपण आहे.

आमच्या साहित्याने श्रम, भूक आणि विद्रोह लिहिला. आमच्या आयांचा विसावा त्यात फारसा आला नाही. तो लिहिणे म्हणजे लढा सोडणे नव्हे. लोखंडे लढले ते त्यासाठीच. मी विद्यार्थ्यांना सांगितले आहे : आपल्या गावच्या नदीकाठी आपली माय नुसती बसली आहे, असे चित्र काढून आणा.