तिसऱ्या स्लाइडनंतर

गेल्या वर्षी एका संशोधन संस्थेत व्याख्यानाला गेलो होतो. पोस्टरवर 'सर्व विद्याशाखांसाठी' असं लिहिलेलं. तिसऱ्या स्लाइडनंतर वक्ते फक्त पहिल्या रांगेतल्या चौघांशी बोलत राहिले. आम्ही बाकीच्यांनी तासभर माना डोलावल्या, शेवटी टाळ्या वाजवल्या आणि चहा पिऊन घरी आलो. मला काहीच कळलं नव्हतं. ते मी कुणाला सांगितलंही नाही.

त्यानंतर एर्विन श्रोडिंगर यांचं 'व्हॉट इज लाइफ?' पुन्हा वाचलं. हे पुस्तक म्हणजे मुळात व्याख्यानंच. फेब्रुवारी १९४३, डब्लिन. तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीजच्या वतीने ट्रिनिटी कॉलेजात ती झाली. श्रोते सुमारे ४००, आणि ते शेवटपर्यंत फारसे घटले नाहीत, असं श्रोडिंगर स्वतःच नोंदवतात.

भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेला हा माणूस जीवशास्त्रावर बोलायला उभा राहतो. आपलं हसं होऊ शकतं, हे तो प्रस्तावनेतच मान्य करतो. मग एक साधा प्रश्न विचारतो. हॅब्सबर्ग राजघराण्यात एका विशिष्ट ठेवणीचा ओठ पिढ्यानपिढ्या दिसतो. जनुक इतका छोटा, त्यात अणूही मोजकेच. शरीराच्या उबेत शतकानुशतकं राहूनही तो विस्कटत कसा नाही? त्याचं उत्तर: जनुक हा एक 'अ‍ॅपिरिऑडिक क्रिस्टल' असावा, म्हणजे एकच नक्षी पुन्हा पुन्हा न येणारा स्फटिक. त्या न जुळणाऱ्या नक्षीतच संकेत साठवता येतो.

पुस्तक निर्दोष नाही. त्यात जे खरं आहे ते नवं नव्हतं, आणि नवं होतं त्यातलं बरंचसं तेव्हाही चूकच होतं, अशी टीका मॅक्स पेरुत्झ यांनी १९८७ मध्ये केली. सजीव 'ऋण एन्ट्रॉपी'वर जगतात, या विधानावर भौतिकशास्त्रज्ञ नाराज झाले. तेव्हा श्रोडिंगरनी पुढे एक टीप जोडली: फक्त भौतिकशास्त्रज्ञांपुढे बोलत असतो, तर 'मुक्त ऊर्जे'बद्दल बोललो असतो. शेवटी ते उपनिषदांतल्या आत्मा-ब्रह्म ऐक्याकडे वळतात. आपल्याला ते वाचून बरं वाटतं, पण मला तिथला युक्तिवाद सर्वांत सैल वाटतो.

तरीही १९५३ मध्ये, डीएनएची रचना उलगडल्यावर, फ्रान्सिस क्रिक यांनी श्रोडिंगरना पत्र लिहून कळवलं की वॉटसन आणि मी, दोघांवरही तुमच्या या छोट्या पुस्तकाचा प्रभाव आहे.

उत्तरं अर्धवट होती, पण प्रश्न दुसऱ्याला घरी नेता येईल असा होता. परक्या विषयातल्या माणसासमोर बोलणाऱ्याकडून माझी एवढीच अपेक्षा आहे. विषय सोपा करताना थोडी अचूकता गेली, तर ती नंतर टीप जोडून भरून काढता येते. श्रोता मात्र तिसऱ्या स्लाइडला निसटला, तर त्याला टीप जोडून परत आणता येत नाही.

आणि दोष फक्त वक्त्यांचा कसा म्हणू? मान मीही डोलावली होती. हात वर केला असता, तर कदाचित मागच्या दहा रांगा सुटल्या असत्या.