मान टाकणारी गिटार

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला दोनच गोष्टी कळतात, असा लोकांचा समज असतो : शिक्का कुठं मारायचा आणि समोरच्याला कुठल्या खिडकीवर पिटाळायचं. समज बराचसा खरा आहे. तेव्हा मी एका वाद्यावर समीक्षा लिहितोय हे कळल्यावर आमच्या शाखेत जो हशा पिकला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी म्हणतो, समीक्षा म्हणजे तरी काय? जमेची बाजू, नावेची बाजू आणि खाली बेरीज. हे काम मी रोज करतो. फरक एवढाच, की समीक्षकाची बेरीज जुळली नाही तर त्याला रात्री आठपर्यंत कुणी बसवून ठेवत नाही.

झालं असं. आमचे चिरंजीव सध्या बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहेत. निदान फी तरी मी तशी भरली आहे. त्यांनी आजोबांनी त्यांच्या नावे ठेवलेली मुदत ठेव मोडली. ठेव माझ्याच शाखेतली. मी चार नंबरच्या टेबलावर बसलेलो, आणि हे घरी पलंगावर लोळत फोनवरून ठेव मोडतायत! मुदतपूर्व मोडल्याचा दंडही निमूट सोसला. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर दिवाणावर एक लांबलचक, तपकिरी, वेडंवाकडं प्रकरण आडवं पसरलेलं.

"हे काय?"

"बास."

"बास झालं, हे मी म्हणायला पाहिजे."

"बास गिटार, बाबा. थंडरबर्ड. म्हणजे कॉपी आहे, जुनी आहे, पण आकार तोच. नाही पटली तर विकणारा आठ दिवसांत परत घेणार आहे. तुम्ही म्हणाल तसं. पण आधी नीट बघा."

मुलानं बापाचं मत मागितल्याची ही गेल्या पाच वर्षांतली पहिली नोंद. मी मुकाट्यानं चष्मा लावला.

ज्यांना बास गिटार म्हणजे काय ते ठाऊक नाही (आठ दिवसांपूर्वी मीही त्यांच्यातच होतो), त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या गिटारीला सहा तारा, हिला बहुधा चार. सगळ्यांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते, म्हणजे माणसाच्या कानाच्या तळमजल्यावरच. गाणारा गातो, गिटारवाला नाचतो, ड्रमवाला घाम गाळतो. आणि हा मागं उभा राहून खालचे स्वर लावत असतो. तो वाजवतोय हे कुणाच्या लक्षात येत नाही, थांबला की मात्र सगळ्यांच्या लक्षात येतं. आमच्या खात्यातल्या लेजर लिहिणाऱ्या माणसाचं वर्णन याहून वेगळं नाही. तेव्हा वाद्याबद्दल माझं मन प्रथमपासूनच दूषित नव्हतं. भांडण होतं ते आकाराशी.

आता इतिहास. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरनं १९५१ साली 'प्रिसिजन' नावाची बास गिटार काढली. सरळ, दणकट, नावाला जागणारी. लोकांनी ती डोक्यावर घेतली. मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावी गिब्सन ही जुनी कंपनी होती. तिच्याकडच्या बास गिटारींची तार साडेतीस इंची, फेंडरची चौतीस. तेव्हा फेंडरला तोड म्हणून गिब्सननं १९६३ साली चौतीस इंची 'थंडरबर्ड' काढली. आकार काढायला माणूस कोण बोलावला? रे डीट्रिच. हे गृहस्थ मोटारींची अंगं घडवणारे. पॅकार्ड, लिंकन असल्या गाड्यांवर हात फिरवून म्हातारपणी कॅलामझूत येऊन राहिले होते. ज्यानं आयुष्यभर मडगार्डं रेखली, त्याच्या हाती गिटार दिली. त्यानं गिटारीला मडगार्डं लावली.

नेहमीच्या बास गिटारीला दोन शिंगं असतात : वरचं लांब, खालचं आखूड. हिचं बरोबर उलटं. खालचा खांदा पुढं धावलेला, वरचा मागं राहिलेला, आणि सगळं अंग कुणीतरी जोरात फुंकर मारल्यासारखं तिरकं. वर पांढऱ्या पट्टीवर गडगडाट करणारा तो पक्षी कोरलेला. मूळ गिटारीत मान आणि धडाचा मधला भाग एकाच अखंड पट्टीचा, दोन्ही बाजूंना महोगनीचे पंख चिकटवलेले. आमच्या सौ.नी मात्र पाहताक्षणी विचारलं, "अहो, ही उन्हात वितळलीय का?"

समीक्षेच्या भाषेत याला रूपबंधाविषयीचा मूलभूत प्रश्न म्हणतात.

आणि प्रश्न खरोखर मूलभूत आहे. गिटारीचा पट्टा वरच्या शिंगाला अडकवतात. प्रिसिजनचं हे शिंग बाराव्या पडद्यापर्यंत, म्हणजे तारेच्या बरोबर मध्यापर्यंत पोचतं. त्यामुळं इकडं धड, तिकडं मान, मधे पट्टा : तागडी समतोल. थंडरबर्डचं वरचं शिंग तिथवर पोचतच नाही. पट्टा मागं राहतो, लांबलचक मान पुढं जाते, तिच्या टोकाला चार जाड खुंट्यांचं ओझं. परिणाम एकच. गळ्यात अडकवून डावा हात सोडला, की ही बया हळूहळू मान टाकते. चिरंजीवांनी प्रात्यक्षिक दाखवलं. आमच्या कॅशियरची मान जेवणानंतर अडीच वाजता जशी खाली येते, हुबेहूब तशी.

मी बी.कॉम. आहे. ज्याचा तोल जुळत नाही अशी वस्तू मी नावेच्या बाजूला लिहितो. लिहिली. डीट्रिचसाहेबांची चूकही मला दिसली : मोटारीला तोल सांभाळायला चार चाकं असतात, गिटारीला माणसाचा एक खांदा. शिवाय त्या मूळ गिटारीचं डोकं मागं कललेलं. पडली तर बरोबर मानेतच मोडायची. ही दुसरी नोंद. घडण किचकट आणि खर्चिक, ही तिसरी. माझा निकाल तिसऱ्या दिवशीच तयार होता.

पण निकाल द्यायच्या आधी मागली खाती तपासावीत ही आमची सवय. ती नडली.

कारण कंपनीनंही माझ्यासारखाच हिशेब केला होता. १९६५ साली त्यांनी आकार उलटा करून सुलटा केला. वरचं शिंग लांब, खालचं आखूड, मान वेगळी चिकटवलेली, शहाण्यासारखी गिटार. मग ग्राहकांच्या उड्या पडायला हव्या होत्या. पडल्या नाहीत. १९६९च्या सुमाराला ती बंदच झाली. पुढं १९७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा, गिब्सननं थंडरबर्ड पुन्हा काढली. कुठली? ती वाकडी! सुधारलेल्या मुलाचा फोटो कपाटात आणि वाह्यात मुलाचा दिवाणखान्यात, असाच हा न्याय.

आता नाणेनिधीचा अहवाल देतात तसं तटस्थपणे सांगायचं तर लोकप्रियतेत ही प्रिसिजनच्या जवळपासही नाही. त्याच मिशिगन राज्यात, डेट्रॉइटला, मोटाऊनच्या स्टुडिओत जेम्स जेमर्सन एकामागून एक गाजलेली गाणी वाजवत होता. त्याच्या हाती गावची गिब्सन नव्हती, परगावची प्रिसिजनच होती. पण विशबोन ॲशच्या मार्टिन टर्नरनं थंडरबर्ड उचलली. पुढं मॉटली क्रूच्या निकी सिक्सनं उचलली. 'द हू'च्या जॉन एंटविसलनं तर थंडरबर्डच्या धडाला प्रिसिजनची मान बसवून 'फेंडरबर्ड' असं लग्नच लावून दिलं. म्हणजे मानेचा त्रास त्यालाही माहीत असणार. तरी धड काही सोडवेना!

हे कसं, ते मला कागदावर समजेना. सातव्या दिवशी रात्री साडेअकराला, घर निजल्यावर, मी ती गळ्यात अडकवली.

मान पडली. मी डाव्या हातानं धरली. पुन्हा सोडली, पुन्हा पडली, पुन्हा धरली. मग लक्षात आलं, की हिच्याकडं दुर्लक्ष करून उभंच राहता येत नाही. प्रिसिजन आपली आपण उभी राहते. तुम्ही नसलात तरी तिचं अडत नाही. हिला तुम्ही लागता. मी जाड तार छेडली. वायर जोडलेली नव्हती, त्यामुळं आवाज असा काही झालाच नाही; पण ती तपकिरी फळी माझ्या पोटाशी जी थरारली, ती थेट हाडांत उतरली. माझ्या पोटाच्या आकाराला तो वाकडा आकार चपखल बसला होता हेही नमूद करतो.

मी आयुष्यात प्रिसिजनच घेत आलो. स्कूटर घेतली ती ॲव्हरेज देणारी. नोकरी घेतली ती पेन्शन बघून, आणि नेमकी पेन्शन गेल्यावर लागलो. कॉलेजात असताना मलाही एका वाकड्या गोष्टीचा नाद होता. ती काय, ते सौ. हा लेख वाचणार असल्यामुळं सांगत नाही. वडिलांनी विचारलं होतं, "यात तोल कुठाय?" मला उत्तर सुचलं नव्हतं. त्याच वडिलांनी नातवासाठी ती ठेव ठेवली होती.

"अहो, कसला आवाज?" आतून सौ.

"बँकेचं काम," मी म्हणालो. म्हटलं तर खरंच होतं.

आठव्या दिवशी चिरंजीवांनी चेहरा पाडून विचारलं, "परत करायची ना, बाबा?"

मी समीक्षा वाचून दाखवली. तोल नाही. घडण अडचणीची. पडली तर मोडेल. बाजारात भाव नाही. वर एक गोष्ट अशी, की हिला धरून ठेवावं लागतं. ही मी दोन्ही बाजूंना लिहिली आहे. तो म्हणाला, "म्हणजे काय?" मी म्हणालो, "म्हणजे माझ्याबरोबर चल."

आमच्या शाखेच्या कॅशच्या बॅगा शिवणारा एक माणूस आहे. त्याच्याकडून चार बोटं रुंद चामड्याचा पट्टा करून घेतला, खरखरीत बाजू आत ठेवून, म्हणजे खांद्यावर तो घसरत नाही. मान आता पूर्वीइतकी पडत नाही. पडते, पण बेतानं.

रात्री घरखर्चाच्या वहीत तो पट्टा कुठं लिहावा याचा थोडा विचार केला. शेवटी 'दुरुस्ती व देखभाल' या सदराखाली लिहिला. चिरंजीवांनी माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि काही न बोलता आत गेले. परत करायच्या वस्तूवर दुरुस्ती व देखभाल पडत नाही, हे बी.कॉम.ला शिकवतात. फी अगदीच वाया गेलेली दिसत नाही.