इंग्रजी उताऱ्याचे आकलन : एक आक्षेप

शालेय इंग्रजीच्या परीक्षेत उताऱ्यावरील प्रश्न हे आकलनाचे माप मानले जाते. आमचा आक्षेप या गृहीतावरच आहे. ‘एका झिंबट गुरसाने तिलवी खमटवली’ या वाक्याला काहीही अर्थ नाही. तथापि ‘गुरसाने काय खमटवली?’ असे विचारल्यास ‘तिलवी’ हे उत्तर कोणीही देईल व त्यास पूर्ण गुणही मिळतील. प्रश्नातील शब्द उताऱ्यात हुडकावा आणि ते वाक्य उतरून काढावे, एवढ्या कसबावर मराठी माध्यमाचे कित्येक विद्यार्थी शालान्त परीक्षेपर्यंत निभावून नेतात.

गफ व टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाकलन हा अक्षरवाचन व भाषाबोध यांचा गुणाकार होय, असे प्रतिपादन केले. एक घटक शून्य असेल तर फलही शून्यच. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाऊ लागले. परंतु अध्यापनाची वर्षे वाढल्याने भाषाबोध आपोआप वाढतो असे नव्हे.

खरी अडचण कोठे आहे? शब्दसंग्रहाकडे बोट दाखविण्याची आपल्याकडे रीतच आहे. पुढील वाक्य पाहावे : ‘द मॅन हू सोल्ड द काऊ टू माय अंकल लिव्ज इन सातारा.’ यात अवघड शब्द एकही नाही. तरीही साताऱ्यास कोण राहतो, या प्रश्नास ‘अंकल’ हे उत्तर येणे अगदी शक्य आहे. कारण क्रियापदालगत तेच नाम उभे आहे. मराठीत ‘ज्या माणसाने माझ्या काकांना गाय विकली, तो साताऱ्यात राहतो’ असे म्हणताना ‘तो’ हे सर्वनाम कर्त्याची पुन्हा ओळख पटविते. शिवाय ‘ने’ आणि ‘ना’ हे प्रत्यय कोणी विकली व कोणाला, हे सांगतात. इंग्रजीत हा भार बहुतांशी पदक्रमावर पडतो. प्रश्नपत्रिका मात्र गाय कोणी विकली एवढेच विचारते, आणि चूक झाकलेलीच राहते.

अशा उताऱ्यांवरील काही उत्तरे मराठीत लिहू द्यावीत, असे आम्हांस वाटते. त्यामुळे इंग्रजी लेखनाचा सराव बुडेल, ही हरकत अस्थानी आहे. लेखनाची परीक्षा निराळी घ्यावी. उतारा नकलून काढणे हे लेखनही नव्हे. मराठीत उत्तर देणाऱ्यास नकलण्याजोगे वाक्यच समोर नसते, आणि साताऱ्यास काका राहतात की गाय विकणारा, हे त्याला ठरवावेच लागते.