‘सर्वाधिक खपाचे गीत’ : एका कल्पनेची चिकित्सा

एखाद्या देशात एका दशकात कोणती सुगम गीते सर्वांत अधिक खपली, याची यादी करणे पाश्चात्त्य अभ्यासकाला फारसे अवघड जात नाही. ब्रिटनमध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने अशी पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ रोजी छापली. ती करण्याची रीत अगदी साधी होती. सुमारे वीस दुकानदारांना दूरध्वनी करावयाचा आणि त्यांच्या तोंडी हिशेबावरून क्रम लावावयाचा. पुढे ही रीत सुधारत गेली, आणि १९७७ साली निघालेल्या ‘मल ऑफ किंटायर’ या गीताच्या वीस लाखांहून अधिक प्रती त्या देशात खपल्या हे आज निश्चितपणे सांगता येते. मराठी गीतांविषयीही असेच काही सांगता यावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. मात्र ज्या कल्पनेवर ही यादी उभी आहे ती मराठी गीताला लागू पडते काय, हा प्रश्न आधी विचारावयास हवा. त्यासाठी येथे १९७९ ते १९८९ हे दशक घेतले आहे. प्रदेश म्हणून नजरेसमोर आहे तो अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील कर्जत तालुका. मुंबई-पुणे लोहमार्गावरचे रायगड जिल्ह्यातील कर्जत नव्हे.

खप मोजावयाचा तर ज्याचा खप मोजावयाचा ती वस्तू सुटी असावी लागते. एक गीत, एक तबकडी, एक किंमत, असा हा हिशेब आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकडीतही तो पुरता जमत नव्हता, कारण तिच्या दोन बाजूंवर दोन गीते असत, आणि ग्राहकाने कोणत्या बाजूसाठी पैसे मोजले हे दुकानदाराच्या वहीत येत नसे. ध्वनिफीत आली तेव्हा हा हिशेब मुळातच मोडला. साठ मिनिटांच्या फितीत आठ-दहा गीते सहज मावतात. त्यांपैकी एकासाठी फीत विकली जाते आणि उरलेली त्याच्या आधाराने घरोघर पोहोचतात. त्यातच १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील एका तरतुदीचा आधार घेऊन गाजलेली गीते दुसऱ्या आवाजात मुद्रित करण्याचा व्यवसाय या दशकात भरभराटीस आला. चोरून केलेल्या प्रतींची तर गणतीच नव्हती. म्हणजे एकच गीत तीन-चार नाममुद्रांखाली, निरनिराळ्या कंठांतून आणि पुष्कळदा पावतीवाचून विकले जात होते. असल्या व्यवहारातून एका गीताच्या खपाचा आकडा काढणे म्हणजे जत्रेतल्या धुळीवरून माणसे मोजण्यासारखे होय.

या स्थित्यंतराचा विस्तृत अभ्यास पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात केला आहे. ग्रामोफोन कंपनीची दीर्घकालीन मक्तेदारी या दशकात ढासळली आणि चित्रपटेतर, प्रादेशिक व धार्मिक गीतांना बाजारात जागा मिळाली, हे त्यांचे प्रतिपादन मराठीपुरतेही खरे आहे. मात्र त्यांचा मुख्य भर उत्तर भारतावर आहे आणि त्यांचा विचार बाजारापासून सुरू होतो. मराठी गीताच्या अभ्यासकाला याहून जुने एक साधन उपलब्ध आहे, आणि त्याकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष गेलेले नाही.

हे साधन म्हणजे छापील पदाच्या माथ्यावरील ‘चाल’ हा शब्द होय. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’च्या (१८८२) काळापासून संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर त्याची चाल नोंदविण्याचा प्रघात आहे. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी लोकांच्या ओठांवरील चालींत नवा आशय भरला. भजनी मंडळांची पदे, भीमगीतांच्या पुस्तिका आणि प्रचाराची गाणी यांनीही हीच वाट धरली. ज्या गीताची चाल उसनी घेतली ते श्रोत्यास आधीच पाठ आहे, हे या नोंदीत गृहीत धरलेले असते. म्हणून लोकप्रियतेचा याहून प्रांजळ पुरावा मिळणे कठीण. ग्राहक गीत विकत घेतो तेव्हा त्याची आवड कळते. तो त्याच चालीवर स्वतःची ओळ रचतो तेव्हा ते गीत त्याचे झालेले असते.

या दृष्टीने पाहता त्या दशकाच्या आरंभीचे एक गीत विशेष लक्षणीय ठरते. राजदत्त यांच्या ‘अष्टविनायक’ (१९७९) या चित्रपटातील, जगदीश खेबुडकर यांनी रचलेले आणि अनिल-अरुण यांनी संगीत दिलेले आठ क्षेत्रांचे गीत ते हे. या आठांपैकी सिद्धटेक हे भीमाकाठचे क्षेत्र कर्जत तालुक्यात आहे. त्यामुळे पैलतीरावरून नावेने येणाऱ्या यात्रेकरूला जे स्थान ठाऊक होते, ते या गीताने महाराष्ट्रभरच्या उत्सवमंडपांत नेले. काव्य म्हणून त्यात यादीचा दोष आहेच. परंतु यादी हेच यात्रागीताचे बळ असते, हे खेबुडकरांनी नेमके ओळखले होते. शाहिरी परंपरेतील स्थळवर्णनाशी त्याचे नाते भावगीतापेक्षा अधिक जवळचे आहे.

दशकाच्या उत्तरार्धात दृश्य पालटते. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज ध्वनिफितीच्या आधीपासूनच लोकांच्या कानी होता. ध्वनिफितीने त्याला ध्वनिक्षेपकावरचे कायमचे स्थान दिले. विठ्ठलाची गीते आणि भीमगीते एकाच कंठातून, सारख्याच आर्ततेने निघत. ज्या गावात या दोन गीतप्रकारांचे श्रोते निरनिराळ्या आळ्यांत राहत, तेथे या गोष्टीला केवळ सांगीतिक अर्थ नव्हता. त्यांचे पुत्र आनंद शिंदे यांचे पोपटाचे म्हणून ओळखले जाणारे गीत या दशकात गाजले. त्यातील द्व्यर्थी विनोदाबद्दल शिष्ट वर्गाने नाके मुरडली. तो विनोद उच्च प्रतीचा नाही हे मान्य करूनही म्हणावे लागते की, त्याची लयबद्ध फेक आणि सहज जिभेवर बसणारी पुनरुक्ती ही लोकनाट्यातील बतावणीच्या घडणीची आहे. ‘पिंजरा’ (१९७२) मधील लावण्यांना रसिकमान्यता देणाऱ्या समीक्षेने येथे मात्र मौन पाळावे, याचे कारण गीतात शोधून सापडत नाही.

येथेच मुद्दा केवळ मोजणीचा राहत नाही. मराठी सुगम संगीताचा जो इतिहास सामान्यतः सांगितला जातो, तो आकाशवाणी आणि ग्रामोफोन कंपनीच्या सूचिपत्रांच्या आधाराने रचलेला आहे. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून प्रसारित झालेली ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते त्यात मध्यभागी असतात, आणि ते यथार्थच आहे. परंतु वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची रचना, जी मुद्रणाची वाट न पाहता गायनपार्ट्यांच्या तोंडून गावोगाव पोहोचली, तिला या इतिहासात फार तर तळटीप मिळते. खप हे माप मानले तर कर्डकांच्या अनेक गीतांचा खप शून्य भरेल. चाल आणि पाठांतर हे माप मानले तर त्यांना पहिल्या रांगेत जागा द्यावी लागेल. माप निवडतानाच इतिहासातून कोणाला वगळावयाचे हे ठरून जाते.

चालीच्या मापालाही मर्यादा आहेत. समूहाला पेलणारी, थोड्या स्वरांत फिरणारी चाल उसनी घेणे सोपे. सुधीर फडके किंवा श्रीनिवास खळे यांच्या वळणावळणांच्या स्वररचना भजनी मंडळास सहसा झेपत नाहीत. त्यामुळे या मापाने केलेली यादी भावगीतावर अन्याय करील. शिवाय चाल हिंदी चित्रपटगीताची असली, तर मराठी गीतांच्या यादीत तिला स्थान द्यावे काय, हा तिढा उरतोच. रेडिओ सिलोनवर १९५२ पासून चाललेल्या ‘बिनाका गीतमाले’ला असा तिढा पडला नाही, कारण तिने हिंदीपुरतेच क्षेत्र आखून घेतले होते. तबकड्यांचा खप आणि श्रोत्यांची पत्रे या दोहोंवर आधारलेल्या त्या क्रमवारीसारखे काही मराठीत त्या तोडीने उभे राहिले नाही.

तेव्हा प्रत्यक्ष काम करावयाचे ते पुस्तिकांचे. कर्जतच्या गोदड महाराजांची रथयात्रा, राशीनच्या देवीचा नवरात्रोत्सव, सिद्धटेकची चतुर्थी यांसारख्या प्रसंगी पालांवर मिळणाऱ्या स्वस्त पुस्तिका ग्रंथालयांच्या दाखलनोंदीत क्वचितच येतात. हलका कागद आणि गंजणारी टाचणी यांमुळे त्यांचे आयुष्य अल्प असते. त्यांवर प्रकाशनवर्ष बहुधा छापलेले नसते, ही अडचण वरवर मोठी वाटते. परंतु पदांवरील चालीच तिचे अंशतः निवारण करतात. ज्या पुस्तिकेत ‘अष्टविनायक’मधील गीताची चाल नोंदविली आहे ती १९७९ पूर्वीची असू शकत नाही, आणि अशा चार-पाच नोंदी एकत्र पाहिल्या तर पुस्तिकेच्या काळाची अलीकडची नसली तरी पलीकडची मर्यादा पुष्कळशी निश्चित करता येते.