‘जनसंपर्क’ आणि ‘शी’ हा प्रत्यय: मावळातील अभ्यासभेटींच्या निमित्ताने

पदवी हाती पडण्यापूर्वी विद्यार्थ्याने व्यवसायाचे अंतरंग पाहावे, या हेतूने महाविद्यालये जनसंपर्क संस्थांच्या भेटी योजतात. मावळ तालुक्यास ही योजना सोयीची आहे. लोणावळा व तळेगाव दाभाडे मुंबई-पुणे लोहमार्गावरच असल्यामुळे दोन्ही महानगरांतील कचेऱ्या एका दिवसात पाहून परतता येते. अशा भेटींची उपयुक्तता निर्विवाद आहे. विचार करावयाचा तो विद्यार्थी तेथून कोणती भाषा घेऊन येतो, याचा.

‘क्लायंट’, ‘ब्रीफ’, ‘प्रेसनोट’, ‘कव्हरेज’, ‘इमेज’ ही या व्यवसायाची नित्याची परिभाषा होय. हे शब्द परभाषेतील आहेत, हा आक्षेप गौण आहे. ते सारे बोलणाऱ्याच्या बाजूचे आहेत, हे अधिक लक्षणीय. ऐकणाऱ्यासाठी ‘टार्गेट ऑडियन्स’ हा शब्द योजिला जातो. त्यातही तो नेम धरण्याचे लक्ष्यच ठरतो.

मराठीतील ‘जनसंपर्क’ या शब्दाचा कल निराळा आहे. ‘सम्’ हा उपसर्ग आणि मिसळणे या अर्थाचा ‘पृच्’ धातू यांपासून ‘संपर्क’ सिद्ध होतो. माहिती लोकांना दिली जाते. संपर्क मात्र लोकांशी येतो. परंपरेने तृतीयेचा मानलेला ‘शी’ येथे दोन्ही पक्षांना कर्तेपणाचा वाटा देतो. लोकांना सांगणे आणि लोकांशी बोलणे या भिन्न क्रिया आहेत.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही, हे मावळाच्या इतिहासावरून दिसते. स्वदेशी उद्योगासाठी माणशी एक पैसा जमविण्याची अंताजी दामोदर काळे यांची योजना पैसा फंड म्हणून रूढ झाली आणि १९०८ मध्ये तळेगावास त्या फंडाचा काच कारखाना उभा राहिला. येथे सामान्य माणूस केवळ श्रोता नव्हता, कार्याचा भागीदार होता. याउलट, ऐतिहासिक मावळ प्रदेशात मोडणाऱ्या मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. १८९४ च्या मूळ भूसंपादन कायद्यात मोबदल्याविषयी म्हणणे मांडण्याची सोय होती. संपादनासच जमीनमालकाने घेतलेली हरकत ऐकण्याची तरतूद, म्हणजे कलम ५-अ, १९२३ च्या दुरुस्तीने आली. पुढे ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या जलवाहिनीस विरोध करणाऱ्या आंदोलकांवर बऊर येथे पोलिसांनी गोळीबार केला. तिघे मृत्युमुखी पडले. तरतूद कायद्यात असणे आणि ऐकून घेतले गेल्याचा प्रत्यय लोकांना येणे, यांतील अंतर केवळ प्रेसनोटने भरून येत नाही.

संस्था लोकमताची पाहणी करतात, हे खरे. परंतु ती पाहणी पुष्कळदा आपला संदेश कितपत पोचला एवढेच मोजते. संदेशच बदलावा काय, हा प्रश्न क्लायंटपुढे क्वचितच मांडला जातो. अभ्यासभेटीत विद्यार्थ्याने नेमका हाच प्रश्न विचारावा आणि वृत्तान्तात त्याचे उत्तर नोंदवावे. सध्या कचेरीची रचना, विभागांची नावे आणि आभारप्रदर्शन यांतच बहुतेक वृत्तान्त संपतात. मावळातील विद्यार्थी धरणाखालच्या गावाची बोलीही जाणतो आणि कचेरीची भाषाही शिकू शकतो. गावाचे म्हणणे कचेरीपर्यंत नेण्याची त्याची ही पात्रता व्यवसायाच्या दृष्टीनेही मोलाची आहे. अभ्यासक्रमाने तिची दखल घ्यावयास हवी.