पदनाम आणि आडनाव

वाईनजीक कृष्णाकाठी मेणवली येथे नाना फडणिसांचा वाडा आहे. नाना कुळाने भानू. 'फडणीस' हे त्यांचे पदनाम. १७५६ मध्ये वडील निवर्तल्यावर चौदाव्या वर्षीच ते पद त्यांच्याकडे आले व लोकव्यवहारात पदनामाने कुलनामास मागे सारले. नानांची योग्यता वादातीत होती. परंतु नेमणुकीच्या वेळी ती पारखली गेली नव्हती. चिटणीस, पोतनीस, सबनीस हीदेखील मूळची पदनामेच. पदनामाचे आडनाव होणे हा केवळ अर्थांतराचा प्रकार नव्हे. पद घराण्यात स्थिरावल्याची ती भाषेने केलेली नोंद होय.

शिवकालीन राज्यव्यवहारकोशाचे मूल्यमापन करताना हे ध्यानात घेतले पाहिजे. सुरनिसास 'सचिव' व मुजुमदारास 'अमात्य' असे संस्कृत पर्याय या कोशाने दिले. त्याची भाषिक कामगिरी थोर खरी. तथापि नामांतरात व्यवस्थांतर पाहणे युक्त नव्हे. पद कोणास व कोणत्या कसोटीवर द्यावे, हे ठरविणे कोशाच्या कक्षेबाहेरचे होते. भोरचे सचिवपद वंशपरंपरागत झाले आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत 'पंतसचिव' ही तेथील अधिपतीची उपाधी राहिली.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर राजभाषेच्या कारभारात हाच 'सचिव' शब्द पुन्हा रूढ झाला, तो मात्र नेमलेल्या अधिकाऱ्यासाठी. आता तो कोणाचे आडनाव होण्याचा संभव नाही. कारण संविधानाच्या ३२० व्या अनुच्छेदाने सेवाप्रवेशाच्या परीक्षा लोकसेवा आयोगांकडे सोपविल्या आहेत. परंतु ही कसोटी प्रवेशद्वारापाशीची. मुख्य सचिवाची निवड राज्य शासन ज्येष्ठ अधिकाऱ्यांतून करते. सेवाज्येष्ठता सर्वांस ठाऊक असते. ती डावलली गेली, तर कोणत्या गुणास्तव, हे सहसा सांगितले जात नाही. पोलीस दलाच्या प्रमुखासाठी आयोगाने निवडलेल्या तिघांतून एकाची नेमणूक करावी, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. मुख्य सचिवपदास असे बंधन नाही.

निर्वाचित शासनास विश्वासाचा अधिकारी हवा, हा युक्तिवाद त्याज्य नाही. मात्र निवडीचे स्वातंत्र्य आणि निवडीची कारणे सांगण्याचे दायित्व यांत विरोध नाही. आनुवंशिकतेस कारण सांगावे लागत नसे. जन्म हेच कारण होते. 'नेमणूक' हा शब्द त्याहून वेगळा ठरावयाचा, तर तिच्यामागील कारण उच्चारले गेले पाहिजे.