घडलेले आणि पुसलेले : सुपरहिरोंच्या कथनातील सातत्याचा प्रश्न

१

सुपरहिरोंच्या चित्रकथा आणि त्यांवर बेतलेले चित्रपट यांच्या चर्चेत 'सातत्य' ही संज्ञा वारंवार येते. एका प्रकाशनसंस्थेच्या साऱ्या कथा एकाच काल्पनिक विश्वात घडतात. एका कथेत जे घडले ते दुसऱ्या कथेतही घडलेलेच असते. आणि म्हणून कोणतीही नवी कथा मागच्या कथांशी विसंगत असता कामा नये, असा या संज्ञेचा ढोबळ अर्थ सांगता येईल. या सातत्याला महत्त्व द्यावे की नाही, याविषयी दोन भूमिका आढळतात. सातत्य हाच या कथनप्रकाराचा प्राण होय, अशी एक. सातत्याची काळजी ही हिशेबनिसाची काळजी आहे, रसिकाची नव्हे. प्रत्येक कथा स्वतःच्या बळावर उभी राहते किंवा कोसळते, अशी दुसरी. कलाकृतीच्या स्वायत्ततेचा संस्कार ज्यांच्यावर झालेला आहे, त्या साहित्याच्या अभ्यासकांना दुसरी भूमिका अधिक जवळची वाटावी, हे स्वाभाविकच आहे.

परंतु या वादात 'सातत्य' या एकाच शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी वावरत असतात, आणि दोन्ही पक्ष त्यांची गल्लत करतात असे मला वाटते. त्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, तर मूळ प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे न राहता अधिक अर्थपूर्ण होऊ शकेल. तसा प्रयत्न येथे करावयाचा आहे.

२

या विषयावरील तात्त्विक विवेचनाचा आरंभ उंबेर्तो एको यांच्या सुपरमॅनवरील निबंधापासून करावा लागतो. १९६२ साली इटालियनमध्ये प्रसिद्ध झालेला हा निबंध १९७२ साली इंग्रजीत आला. एको यांचा मुद्दा थोडक्यात असा : पुराणकथेतील नायकाचे चरित्र पूर्ण झालेले असते, श्रोत्याला ते ठाऊक असते आणि त्याचे पुनःकथन हाच आनंद असतो. कादंबरीतील नायक मात्र आपल्यासमोर घडत जातो, आणि प्रत्येक कृतीने थोडाथोडा संपत जातो. सुपरमॅनला या दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या करावयाच्या असतात. तो पुराणातल्यासारखा अढळ हवा, आणि त्याची गोष्ट मात्र दर महिन्याला नवी हवी. यावर चित्रकथेने शोधलेला तोडगा म्हणजे काळाचेच विघटन. आधी काय झाले आणि नंतर काय झाले हे धूसर ठेवायचे. सुपरमॅनने लोइस लेनशी लग्न केले, तर तो मृत्यूच्या दिशेने एक पाऊल टाकील; म्हणून लग्न घडले तर ते 'काल्पनिक कथे'तच घडते.

१९३८ साली जेरी सीगल आणि जो शस्टर यांनी निर्मिलेल्या नायकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांना हे विवेचन चपखल लागू पडते. मात्र एको लिहीत होते नेमक्या त्याच सुमारास चित्रकथा आपली स्मृती जागी करू लागली होती. १९६१ साली गार्डनर फॉक्स यांनी लिहिलेल्या आणि कार्माइन इन्फँटिनो यांनी चितारलेल्या फ्लॅशच्या एका कथेत, १९५६ सालचा नवा फ्लॅश बॅरी अ‍ॅलन आणि १९४० सालचा जुना फ्लॅश जे गॅरिक यांची भेट होते. बॅरीने लहानपणी जेच्या चित्रकथा वाचलेल्या असतात. त्याच्या दृष्टीने जे हे एक काल्पनिक पात्र. मग जे दुसऱ्या एका पृथ्वीवर खरोखर राहतो आणि त्याच्या कथा लेखक फॉक्स यांना स्वप्नात स्फुरल्या, असे स्पष्टीकरण येते. केवळ व्यावसायिक कारणाने रद्द झालेल्या एका जुन्या नायकाला येथे 'दुसरी पृथ्वी' बहाल झाली. जे छापले गेले ते कोठेतरी घडले होते, असे प्रथमच मान्य केले गेले.

याच वर्षी मार्व्हलमध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'फँटॅस्टिक फोर' सुरू केले, आणि त्या संस्थेच्या कथा एकमेकींना ओळखू लागल्या. वाचक विसंगती दाखवून देऊ लागले. एवढेच नव्हे, तर विसंगतीचा निरास करणारे स्पष्टीकरणही तेच सुचवू लागले. अशा वाचकाला मार्व्हलकडून 'नो-प्राइझ' म्हणून एक रिकामा लिफाफा पाठवला जाई. वोल्फगांग इझर यांनी वाचनव्यापाराचे जे विवेचन केले, त्यातील 'रिक्त जागा' या संकल्पनेचे इतके शब्दशः उदाहरण क्वचितच सापडेल. संहितेतील फट वाचकाने भरायची, आणि त्याचे बक्षीसही रिकामेच!

३

येथे अपेक्षित असलेला भेद आता मांडता येईल. सातत्याचा एक अर्थ म्हणजे 'सुसंगती' : तपशिलांचा मेळ. कोणाचा जन्म कोठे झाला, कोण कोणाला कधी भेटला, ही नोंद. दुसरा अर्थ म्हणजे 'अनिवर्तनीयता' : एकदा घडलेले मागे घेता येत नाही, आणि पात्रांना त्या घटनेचे ओझे वागवतच पुढे जावे लागते, हा नियम. सुसंगती हा विश्वाचा गुण आहे, अनिवर्तनीयता हा कृतीचा गुण आहे. पहिली तर्काशी संबंधित आहे, दुसरी नीतीशी. सामान्यतः या दोन्ही एकत्र नांदतात असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः त्या परस्परांपासून स्वतंत्र आहेत, आणि कधी कधी परस्परविरोधीही आहेत.

याचा पुरावा खुद्द चित्रकथेच्या इतिहासात मिळतो. अनेक पृथ्व्यांचा गुंता सोडवण्यासाठी डीसीने १९८५-८६ मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांची 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही बारा अंकांची मालिका काढली. सातव्या अंकात सुपरगर्ल आणि आठव्यात बॅरी अ‍ॅलन विश्व वाचवताना मरण पावतात. सुपरगर्लचा देह हातांवर घेतलेला सुपरमॅन हे त्या मालिकेचे सर्वाधिक परिचित चित्र. परंतु सर्व पृथ्व्या एक झाल्यावर १९८६ साली जॉन बर्न यांनी सुपरमॅनची कथा नव्याने आरंभली, तेव्हा क्रिप्टॉन ग्रहावरून वाचलेला तो एकमेव जीव ठरला. म्हणजेच ही सुपरगर्ल कधी नव्हतीच. जिच्या मृत्यूने विश्व सुसंगत झाले, तिचे मरणेच त्या सुसंगतीत बसेना. हिशेब जुळला, पण शोक करण्याचा कोणाचा अधिकार उरला नाही.

स्पायडर-मॅनच्या बाबतीत हेच अधिक उघडपणे घडले. पीटर पार्कर आणि मेरी जेन यांचे लग्न १९८७ साली झाले. २००७ सालच्या 'वन मोअर डे' या कथेत मेफिस्टो नावाचा सैतानी पुरुष, पीटरच्या काकूचा प्राण वाचवण्याच्या बदल्यात, ते लग्न झालेच नव्हते अशी व्यवस्था करतो. या कथेत तर्काची चूक नाही. पुसून टाकण्याची कृती कथेच्या आतच घडते आणि तिचे स्पष्टीकरणही आत आहे. सुसंगती शाबूत आहे. तरीही वाचकांना फसवणूक झाल्यासारखे वाटले. ते केवळ लग्नाच्या मोहापायी असे म्हणता येत नाही. वीस वर्षे जे निर्णय घेतले गेले त्यांना किंमत होती, असे वाचक समजून चालला होता. ती किंमत परत करण्यात आली होती. एको यांचे भाकीत येथे वेगळ्या रीतीने खरे ठरते. सुपरमॅननेही १९९६ साली लोइसशी लग्न केले आणि २०११ सालच्या नव्या मांडणीत ते नाहीसे झाले. लग्न करणारा नायक मरत नाही, त्याचा काळच मारला जातो.

उलट बाजूचे उदाहरण म्हणजे १९७३ सालचा ग्वेन स्टेसीचा मृत्यू. पुलावरून फेकल्या गेलेल्या ग्वेनला स्पायडर-मॅन आपल्या जाळ्याने झेलतो आणि वर ओढून घेतो, तेव्हा ती मृत असते. ती पडण्याने मेली की झेलण्याच्या हिसक्याने, हा वाद वाचकांच्या पत्रांतून झाला आणि त्याचे उत्तर संपादकांना पत्रांच्या पानावर द्यावे लागले. हा तपशिलाचा प्रश्न दिसतो, पण तसा तो नाही. झेलणाऱ्याच्या हातून मरण आले असेल, तर पुढची प्रत्येक झेप बदलते. वाचक येथे हिशेबनीस नव्हता, साक्षीदार होता.

४

चित्रपटाकडे वळताना एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. चित्रकथेतील देह रेषांचा असतो. चित्रकार बदलतात, पण पात्राचे वय वाढत नाही. चित्रपटातील देह नटाचा असतो, आणि तो म्हातारा होतो. म्हणून चित्रपटात, कथेने सांगितले नाही तरी, अनिवर्तनीयता पडद्यावर उमटतेच. ह्यू जॅकमन यांनी वूल्व्हरिनची भूमिका २००० साली प्रथम केली. जेम्स मॅन्गोल्ड यांचा 'लोगन' २०१७ साली आला. या चित्रपटाचा मागच्या चित्रपटांशी मेळ घालणे कठीण आहे. २०१४ च्या 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'च्या अखेरीस, २०२३ सालात सर्वजण सुखरूप असल्याचे दिसते. 'लोगन'मध्ये २०२९ साली जवळजवळ कोणीच उरलेले नाही, आणि त्याचा पुरता खुलासाही होत नाही. तरीही सतरा वर्षांत थकलेला तो देह पाहताना, मागचे सर्व चित्रपट घडून गेले आहेत याविषयी प्रेक्षकाला शंका येत नाही. विशेष म्हणजे या चित्रपटात 'एक्स-मेन'च्या चित्रकथा वस्तू म्हणून वावरतात. असे काही घडले नाही, म्हणून लोगन त्या झिडकारतो. पण लहानग्या लॉराला ज्या ठिकाणाचा पत्ता त्या चित्रकथेत सापडतो, तेथे मुले खरोखरच भेटतात. तपशील खोटा आणि भरवसा खरा, असा हा विरोधाभास आहे.

२०२४ साली 'डेडपूल अँड वूल्व्हरिन'मध्ये जॅकमन पुन्हा आले. हा वूल्व्हरिन दुसऱ्या विश्वातला आहे. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या लोगनचा मृत्यू अबाधित आहे. चित्रपटाच्या आरंभी तर त्याची कबरच उकरली जाते. म्हणजे 'लोगन'मध्ये सुसंगती ढिली आणि अनिवर्तनीयता घट्ट. येथे सुसंगती चोख आणि अनिवर्तनीयता विनोदाचा विषय. जो मेला तो मेलेलाच आहे, पण त्याची जागा रिकामी राहिलेली नाही. बहुविश्वाची कल्पना १९६१ साली जुन्या नायकाला स्मृतीत स्थान देण्यासाठी आली होती. आज ती बहुधा कोणाचीच उणीव भासू नये यासाठी वापरली जाते.

'बहुधा' म्हणण्याचे कारण असे की, याच कल्पनेचा विपरीत उपयोगही झालेला आहे. २०२१ च्या 'स्पायडर-मॅन : नो वे होम'मध्ये तीन विश्वांतील तीन स्पायडर-मॅन एकत्र येतात. अँड्र्यू गारफील्ड यांच्या स्पायडर-मॅनला २०१४ च्या चित्रपटात ग्वेनला वाचवता आले नव्हते. येथे दुसऱ्याची प्रेयसी कोसळू लागते आणि तो तिला सुखरूप झेलतो. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते या चित्रपटातील घटनांनी स्पष्ट होणारे नाही. ग्वेन परत आलेली नाही, येणार नाही. तिचे मरण पुसले गेले नाही म्हणूनच या झेलण्याला अर्थ आहे. मागचा चित्रपट न पाहिलेल्यासाठी ही एक सुटका. पाहिलेल्यासाठी ते प्रायश्चित्त. प्रत्येक कलाकृती स्वयंपूर्ण असावी, हा निकष येथे अपुरा पडतो, हे स्वायत्ततावाद्यांनी मान्य करावयास हवे.

५

मग अनिवर्तनीयता हेच अंतिम मूल्य मानावयाचे काय? येथे 'स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या २०२३ च्या चित्रपटाने एक गंभीर अडचण उभी केली आहे. मिगेल ओहारा हा त्यातील नियामक सांगतो, की प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही घटना घडल्याच पाहिजेत. त्याच्या निकटच्या पोलीस अधिकाऱ्याचा मृत्यू ही त्यांतली एक. मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या संकरातून कल्पिलेल्या मुंबॅटन नगरीत, पवित्र प्रभाकरच्या प्रेयसीचे वडील इन्स्पेक्टर सिंग यांना माइल्स मोरालेस वाचवतो आणि विश्वाला भगदाड पडते. आता माइल्सचे स्वतःचे वडील मरणार आहेत, आणि 'कथा तशी आहे' म्हणून त्याने ते मरू द्यावे, अशी मागणी आहे.

अध्यात्मरामायणातील एक प्रसंग येथे आठवल्यावाचून राहत नाही. वनात येण्यास राम मनाई करतो, तेव्हा सीता विचारते, की आजवर कितीतरी रामायणे सांगितली गेली. सीतेवाचून राम वनात गेल्याचे एकात तरी आहे काय? दोन्हीकडे पात्र कथेच्या पूर्वपरंपरेचा हवाला देते. फरक असा, की सीता स्वतः पत्करावयाच्या कष्टांसाठी परंपरेची साक्ष काढते. मिगेल दुसऱ्याच्या बापाच्या मरणासाठी. सीतेच्या तोंडी सातत्य हा हक्क आहे, मिगेलच्या तोंडी हुकूम.

या भेदातून अनिवर्तनीयतेची मर्यादा स्पष्ट होते. जे घडले ते मागे घेता येत नाही, हे एक. आणि जे घडले तेच पुन्हा घडले पाहिजे, हे अगदी दुसरे. पहिले तत्त्व भूतकाळाला मान देते, दुसरे भविष्यकाळ बळकावते. मिगेल ज्याचे रक्षण करतो ते सातत्य नव्हे, साचा आहे. चित्रपट हा प्रश्न सोडवत नाही, कथा अर्ध्यावर ठेवून संपतो. परंतु सातत्याचा पहारेकरीच प्रतिनायक होऊ शकतो, हे त्याने दाखवून दिले आहे.

आणखी एका बाबीकडे दुर्लक्ष करता येत नाही. रामायणाची रूपे अनेक आहेत, कारण त्याला मालक नाही. सीगल आणि शस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १९३८ साली १३० डॉलरना विकले. तेव्हापासून त्या नायकाच्या आयुष्यात काय घडले आणि काय घडलेच नाही, हे मालक ठरवत आला आहे. सुपरहिरोंना 'आधुनिक पुराणकथा' म्हणणारे हा फरक विसरतात. पुराणात नवी कथा जुनीच्या शेजारी उभी राहते, येथे नवी कथा जुनीला अधिकृतरीत्या रद्द करू शकते. अशा स्थितीत जुने अंक जपणारा आणि 'हे घडले होते' असे हट्टाने सांगणारा वाचक हास्यास्पद वाटला, तरी तो एक महत्त्वाचे काम करीत असतो. मालकाजवळ हक्क आहेत, स्मृती मात्र वाचकाजवळ आहे.

अ‍ॅलन मूर आणि कर्ट स्वान यांनी १९८६ साली जुन्या सुपरमॅनला निरोप देणारी कथा केली, तेव्हा आरंभीच ती काल्पनिक असल्याचे सांगून, सगळ्याच कथा तशा नसतात काय, असे विचारले होते. या प्रश्नाने सातत्याचा वाद निकालात निघतो असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. सगळ्या कथा काल्पनिक आहेत हे खरे. पण म्हणूनच त्यांतील मरणाला वजन देण्याचे दुसरे साधन कथेजवळ नाही. तारखा चुकल्या तर चालेल, नगरांची नावे बदलली तरी चालेल. ग्वेन पुलावरून पडली, एवढे मात्र पडलेलेच राहिले पाहिजे.